यंत्राला सरकार वाटेकरी

नोकरीतलं पुष्कळ विसरलो, पण वेल्ह्याच्या डोंगरातली ती यंत्रचोरी अजून डोळ्यांपुढे उभी राहते, आणि आठवली की एकटाच हसत बसतो. मी उत्रोलीचा. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, कुणाच्या चिठ्ठीशिवाय. हा तपास माझ्याकडे आला तेव्हा निवृत्तीला सात-आठ महिनेच राहिले होते.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. पासलीकडच्या एका वाडीतली मुलगी तक्रारी अर्ज घेऊन ठाण्यात आली. इंजिनियर झालेली, पण शहरातली नोकरी सोडून गावी परतलेली. डोंगरातल्या लहान खाचरांत भाताची लावणी करणारं यंत्र तिनं बनवलं होतं. दोघांनी उचलून बांधापलीकडे ठेवावं, एवढंच ते यंत्र. त्यावर तिनं कंपनी काढली आणि सरकारच्या एका निधीनं त्या कंपनीत भागीदारी घेतली. कर्ज नव्हे, भागीदारी. तिसऱ्या दिवशी पुण्याहून निधीचे अधिकारी यंत्र चालताना बघायला येणार होते. चाललं तर पुढचं भांडवल, नाही तर कंपनी बंद. आणि यंत्र शेडमधून गायब.

"एकच तयार झालंय, काका," ती म्हणाली. "दुसरं करीपर्यंत ते थांबणार न्हाईत."

आमच्या साहेबांचं मत, टेम्पोत घालून नेलं असणार, हायवेकडची भंगाराची दुकानं तपासा. मी ऐकलं नाही. त्या वाडीला रस्ता एकच आणि त्याच्या तोंडाशी चहाची टपरी. टपरीवाला माझा जुना खबऱ्या.

"जमादार, चार दिसांत यष्टी आन दुधाची गाडी सोडून खाली काय उतरलं न्हाई," तो म्हणाला. "पर वाडीतलं कुणी चोरीचं बोलतच न्हाई."

मला ही दुसरी बातमी मोठी वाटली. ज्या वाडीत कोंबडी हरवली तर आठवडाभर चर्चा चालते, तिथं यंत्र जातं आणि सगळे गप्प? मी साहेबांना ठाम सांगितलं, यंत्र वाडीतच आहे.

शेडचा पंचनामा केला. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली मुलीच्या घरात खुंटीला, आणि घर सगळ्या वाडीला उघडं. मग घरोघर जबाब. प्रत्येक घरी चहा मिळाला, पण माझ्याकडे सरळ कुणी बघेना. पाचवा चहा मी मुलीच्या चुलत्याच्या पडवीत घेतला. वाडी त्यांना आबा म्हणते. पंचाहत्तरीचे, माझ्याहून हट्टी.

तिथं माझी नजर अंगणापलीकडे गेली. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजतात, म्हणजे राब भाजतात. त्यासाठी झाडाच्या फांद्या तोडून, वाळवून ठेवतात. त्याला कवळ म्हणतात. वैशाख सरत आला होता, सगळ्या वाडीच्या जागा भाजून काळ्या झालेल्या, आणि आबांचा कवळाचा ढीग पुरुषभर उंच, तसाच रचलेला. शाळेत हे शिकवत नाहीत. हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मून कळतं.

मी आवाज चढवला नाही. म्हणालो, "आबा, राब कवा भाजणार?"

"भाजू की. घाई काय हाय?"

"आता आलोच हाय तर हातभार लावतो. काडीपेटी द्या."

मी खरंच उठलो. म्हातारा माझ्या आधी ढिगापाशी पोचला आणि हात पसरून उभा राहिला.

"जमादार, पेटवू नका. आत पोरीचं यंत्र हाय."

मागून मुलगी आली आणि ढिगाच्या फांद्या बाजूला ओढायला लागली. शेजारीपाजारी गोळा झाले. कुणी पळालं नाही, कारण हात सगळ्यांचाच लागला होता. आबांनी कारण सांगितलं. दोन घरांत मिळून एक बैल असला, की वाटेकरी आपल्या दिवसाला बैल घेऊन जातो. आता पोरीच्या यंत्राला सरकार वाटेकरी झालं. ते लोक यंत्र बघायला येतायत म्हणजे न्यायलाच येतायत.

"आन सरकारचा दिवस कवा संपतो? धरणाला जमीन गेली तवापास्नं बघतोय आमी."

खरं सांगतो, मला ते पटलं. आमच्या घरीही अर्धा बैल होता. मी मुलीकडे वळून म्हणालो, आबांचं चुकलं काय ते सांग.

तिनं सांगितलं. हा वाटेकरी यंत्राला हात लावत नाही. कंपनी बुडाली तर त्याचंही बुडतं, वाढली तर त्याचा वाटाही वाढतो, आणि पुढं कधीतरी तो आपला वाटा विकून बाजूला होतो.

आबांनी विचार केला. "म्हंजे वैरण घालणार आन बैल न्येणार न्हाई?"

"व्हय आबा."

"मग असलं भोळं सरकार म्या पैल्यांदाच बघतोय."

सगळी वाडी हसली. मी मात्र मुलीला झापलं. पुण्यातल्या साहेबांना दहादा समजावलंस, मग घरच्यांना एकदा सांगायला काय झालं होतं? ती खाली बघून म्हणाली, "त्यांना कळंल असं वाटलंच न्हाई, काका." मी म्हणालो, मी सातवी शिकलोय, मला कळलं.

यंत्र ढिगातून मिळून आल्याचा पंचनामा झाला, मुलीनं अर्ज मागं घेतला, स्टेशन डायरीला नोंद पडली. साहेबांनी विचारलं, आरोपी कोण? मी म्हणालो, आख्खी वाडी. ते खुर्चीत मागे रेलून हसत राहिले.

तिसऱ्या दिवशी मी बंदोबस्ताचं निमित्त काढून गेलो. वाडीनं विहिरीच्या पाण्यानं एक खाचर भरून ठेवलं होतं. यंत्र चाललं, मुलीनं यासाठी आधीच ट्रेमध्ये वाढवलेली रोपं सरळ रांगेत उभी राहिली. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आबा पुढं झाले आणि त्यांच्यातल्या मोठ्या साहेबाला म्हणाले, "आमच्यात वाटेकरी नुसता बांधावर उभा ऱ्हात न्हाई. आजचा दिवस तुमचा. धरा."

साहेबानं एकदा आमच्याकडे पाहिलं. मग बूट काढले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला.

चोर शोधताना मी जन्मभर विचारत आलो, फायदा कुणाचा? त्या वाडीनं मला दुसरा प्रश्न शिकवला. भीती कुणाला, आणि कशाची? त्याचं उत्तर मिळालं की पुष्कळदा चोर उरतच नाही.

पुढचं भांडवल आलं. साहेबानं लावलेली रांग मात्र पार वाकडी गेली होती. मुलगी ती नीट करायला निघाली, तर आबांनी तिला अडवलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "ती सरकारची हाय."

त्या रांगेचं भात मी दसऱ्याला जाऊन पाहिलं. चांगलं भरलं होतं.