आधी गाडीचं पोट

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "गाडीखाली?" फोनवर खुद्द ताई होती. नवरा नुकताच गेलेल्या बाईला असं विचारू नये, एवढी अक्कल मला आहे. पण ताई रागावली नाही. तितक्याच सरळपणे म्हणाली, "नाही गा. खुर्चीवर. आंघोळ करून पेपर घेऊन बसले होते." पुढे दिवसभर येणाऱ्या प्रत्येकानं कमीजास्त फरकानं हाच प्रश्न विचारला. शेजारी आले, ऑफिसातले जुने सोबती आले, त्यांनी आधी शेडमधल्या गाडीकडे पाहिलं आणि मग घरात पाऊल टाकलं. निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य ज्यानं गाडीखाली उताणं पडून काढलं, तो माणूस इस्त्रीच्या सदऱ्यात, ताठ बसून गेला. इथंही आमचा अंदाज चुकवलाच त्यांनी.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मधुकरराव. नोकरी पाणीपुरवठ्याची, त्यामुळे जमिनीखालच्या लोखंडी नळांशी त्यांचा जन्माचा संबंध. आणि गाडी आमच्या वडिलांची. वडील कामठीला विणकरांना सूत पुरवायचे. त्यांची पांढरी अँबेसेडर गावात सगळ्यांच्या ओळखीची होती. ताईची पाठवणी त्याच गाडीतून झाली. वडील गेल्यावर गाडी घरामागच्या कडुनिंबाखाली बसली ती बसलीच. खारींनी आत बिऱ्हाड केलं. शेवटी मी भंगारवाल्याला बोलावलं. तो टायरवर लाथ मारून भाव पाडत असतानाच भाऊजी ताईला घेऊन आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि भंगारवाल्याला सांगितलं, "तू जा बाबू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बबन, ही गाडी मी नेतो. तुह्या बहिणीले हिच्यातच बसवून पुन्हा माहेरी आणतो का नाही, पाहून घे." ताई त्या वयात लाजली, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. नागपुरातलं त्यांचं नंदनवन ते आमची कामठी! लोक सायकलवर जातात हो तेवढं. भाऊजींना तेवढं अंतर उरलेल्या जन्मात कापता आलं नाही.

गाडी टेम्पोवर चढून नंदनवनात गेली. ओळखीच्या मेस्त्रीनं बघता बघता इंजिन सुरू केलं, ब्रेक नवे घातले, आणि आम्हाला वाटलं, झालं. ताईनं पिशवीसुद्धा भरली. पण भाऊजींनी गाडी विटांवर आणि लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढून भिंतीशी लावली आणि जाहीर केलं, "आधी पोट." पोट म्हणजे गाडीचा तळ. रंग, काचा, गाद्या सगळं नंतर. "नळ वरून मरत नाही गा," ते मला समजावत. "वर मस्त पाणी येऊन राह्यते, अन् खाली मातीत तो सडून राह्यते. गाडीचंही तसंच आहे. जे दिसत नाही ते आधी जाते." मी म्हटलं, भाऊजी, हे नागपूर आहे, इथं माणूस वाळतो, लोखंडाला कुठला गंज चढणार! यावर ते गाडीखाली सरकले. पुढची अनेक वर्षं मी त्यांच्याशी जे काही बोललो ते त्यांच्या तळपायांशी बोललो. मुलीचं लग्न ठरल्याची बातमी मी तळपायांना दिली. तळपायांनी अंगठे हलवून आनंद व्यक्त केला.

काम मात्र बघत राहावं असं करत. तारेच्या ब्रशनं आणि पटाशीनं जुना गंज खरवडायचा, पत्रा चांदीसारखा उघडा करायचा, मग त्यावर तांबडा प्रायमर, तो वाळला की रबरासारखा काळा लेप, तोही एकावर एक. तळाच्या पोकळ पट्ट्यांमध्ये पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती लेपानं बुजली तर पाणी आतच अडकतं आणि पत्रा आतून खातं, म्हणून प्रत्येक भोकात ते आगपेटीची काडी खोचून ठेवत आणि लेप सुकला की काढून घेत. ताई देवापुढे दिवा लावायला जायची तेव्हा काड्या गायब. "देव अंधारात अन् गाडीचं पोट उजेडात!" ती ओरडायची. "अवं, देवाले गंज लागत नाही," गाडीखालून उत्तर यायचं.

आता त्या प्रकरणाकडे येतो, जे आठवलं की मला आजही कपाळ बडवावंसं वाटतं. भाऊजींचा हिशोब असा, की पत्रा उघडा करायचा तर कोरड्या हवेत, आणि वैशाखातल्या नागपूरसारखी कोरडी हवा दुसरी कुठं मिळणार? हिशोब बरोबर. पण वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये उताणं पडणारा माणूस भाजून निघतो. मग भाऊजींनी दिवाणखान्यातला कूलर ओढत शेडमध्ये आणला, नव्या वाळ्याच्या पट्ट्या लावल्या, टाकी भरली आणि त्याचं तोंड गाडीच्या पोटाकडे केलं. काय तो थाट! बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि हे गृहस्थ वाळ्याच्या वासात गारेगार होऊन पत्रा घासताहेत. आदल्या दिवशी घासलेला पत्रा दुसऱ्या दिवशी नारिंगी. पुन्हा घासला, पुन्हा नारिंगी. प्रायमर लावून पाहिला, त्याच्याखालून फोड आले. त्यांनी प्रायमर विकणाऱ्याशी भांडण केलं. ब्रश बदलला. हाताच्या घामानं होत असेल म्हणून हातमोजे घातले. एकदा मला सुनावलं, "बबन, तू इथं शिंकत नको जाऊ." एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, आणि दर उन्हाळ्याला कूलरसुद्धा निष्ठेनं हजर.

ताई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. एका उन्हाळ्यात ती गच्चीवरून कुरडयांचं ताट घेऊन खाली आली आणि शेडच्या दारात थांबली. मी तिथंच होतो, तळपायांशी गप्पा मारत. ती म्हणाली, "अहो, एक इचारू? कूलरपुढं मी कुरडया वाळत घालू का?"

"काहून? वाळनार आहेत का त्या? ओलसर होतीन सगळ्या."

"मंग लोखंड कसं वाळून राह्यलं?"

गाडीखालचा ब्रश थांबला. कूलर तेवढा फरफरत होता. मग तळपाय हळूहळू बाहेर आले, त्यांच्यामागून पाय, पोट, आणि सगळ्यात शेवटी नारिंगी भुकटीनं माखलेला चेहरा. "तुले हे आधीच माहीत होतं?" "पह्यल्या वर्षापासून." "मंग सांगितलं काहून नाही?" "तुम्ही मले इचारलं कधी? प्रायमरवाल्याले इचारलं, मेस्त्रीले इचारलं, बबन्याच्या नाकालेही इचारलं." एवढं बोलून ताई कुरडया घेऊन घरात गेली. भाऊजींनी उठून कूलरचं बटण बंद केलं आणि माझ्याकडे असे पाहत राहिले जणू कूलर मीच आणला होता.

त्यानंतर मात्र काम हिवाळ्यावर गेलं आणि झपाट्यानं पुढे सरकलं. गेल्या हिवाळ्यात शेवटचा लेप चढला. भाऊजींनी मला खाली झोपवून, बॅटरी मारून सगळा तळ दाखवला. खरं सांगतो, पुरणपोळीच्या तव्यासारखा काळाभोर, एकसारखा. वरून गाडी अजून भकास होती. रंग उडालेला, मागची गादी नाही, एका दाराला सुतळी. पण चाकं चढली, आणि ताईनं दिवस ठरवला. अक्षय तृतीयेला माहेरी जायचं, वडिलांच्या गाडीत. कामठीला माझ्या घरी आमरस झाला, पापड तळले. दुपारी दारात शेअर ऑटो थांबला आणि त्यातून ताई उतरली. एकटी. झालं होतं असं, की सकाळी अवकाळी पावसाची एक सर आली, रस्त्याकडेला डबकी साचली, आणि भाऊजी चिखल पाहून गाडीतून खाली उतरले. "नव्या लेपाले चिखल लागंल. एखादा गोटा उडाला तं टवका निघंल. कोरडं होऊ दे, मंग जाऊ." ताई त्यांना काय बोलली ते मला माहीत नाही. आमरस तिनं वाटीत तसाच ठेवला. मी संतापून भाऊजींना फोन लावला, म्हटलं, "भाऊजी, गाडी कशासाठी असते?" तर ते शांतपणे म्हणाले, "टिकण्यासाठी." काय करावं अशा माणसाचं? मी फोन आपटला. पुढच्या आठवड्यांत कोरडं होत होतं, पुन्हा भुरभुर होत होती, आणि त्यातच एका सकाळी ते खुर्चीवर बसले ते उठले नाहीत.

तेरावं झालं की लेकीला माहेरच्या माणसानं थोडे दिवस घरी न्यायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. मी माझी गाडी घेऊन नंदनवनात गेलो. पावसाळा लागला होता, रस्त्यांचा रबडा झाला होता. ताई पिशवी घेऊन बाहेर आली आणि माझ्या गाडीला वळसा घालून थेट शेडमध्ये गेली. "चावी देवघरात आहे," म्हणाली. मी म्हटलं, ताई, आज? ह्या चिखलात? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे चावी आणली. मागे गादी नव्हती म्हणून सतरंजी घडी करून टाकली, पण ती पुढेच बसली, माझ्या शेजारी. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. कोपऱ्यावर भलं मोठं डबकं होतं. मी सवयीनं बाजूनं घेतलं.

"मधातून घे," ताई म्हणाली.

"अगं..."

"मधातून घे म्हटलं ना."

मग नंदनवनपासून कामठीपर्यंत एकही डबकं आम्ही सोडलं नाही. खालून चिखलाचे सपकारे, खड्यांचे टणत्कार, आणि ताई डाव्या हातानं सुतळीचं दार ओढून धरून समोर बघत बसलेली. हसत होती की रडत होती, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष रस्त्यावर होतं, असं म्हणू.

दारात माझी बायको पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी होती. ताई तिच्यापाशी गेलीच नाही. पदर खोचला आणि मला म्हणाली, "नळाले पाइप लाव. चिखल वाळायच्या आत धुवा लागते." मी कपाळाला हात लावला. बायकोनं तांब्या खाली ठेवला. ताईला वाकू नको म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. गाडी अंगणातल्या ओट्यावर अर्धी चढवली, ताईनं पोतं अंथरलं आणि बॅटरी घेऊन खाली शिरली. मी पाण्याची धार सोडली. चिखल सरसर उतरून अंगणभर पसरला.

मग खालून ताईचा आवाज आला. तो माझ्यासाठी नव्हता.

"काहीच नाही झालं हो... एक टवका नाही निघाला. मंग काहून नाही नेलं मले?"

मी तोटी बंद केली. त्या प्रश्नात पाण्याचा आवाज नको, असं मला वाटलं.

"बबन्या, बंद काहून केलं?" खालून ताई खेकसली. "मागची बाजू राह्यली ना अजून."

मी तोटी पुन्हा सोडली.