मनोहरभाऊंचा छोटा फोटो

मोबाइलवर आधी फोटो आला, बातमी त्याच्या खाली होती. फोटो बघून क्षणभर बरंच वाटलं, कारण तो मी काढलेला होता... मग समईचं चित्र दिसलं, अक्षरं दिसली. अहेरीचे आमचे फोटो स्टुडिओवाले मनोहरभाऊ, छातीत कळ आली म्हणून चंद्रपूरला नेताना वाटेतच गेले. त्याला दीड महिना झाला. लिहीन लिहीन म्हणत होते, पण त्या फोटोचं सांगितल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि ते सांगायला जीभ उचलत नव्हती.

मी अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हा एका ऑनलाइन अर्जात माझा फोटो बसेना, म्हणून भाऊंच्या दुकानात गेले. वयानं ते माझ्यापेक्षा बरेच लहान, पण आमच्याकडे सगळे एकमेकांचे भाऊ आणि बाईच. "फोटो जड होऊन राह्यला, बाई. पन्नास केबीच्या आत पाह्यजे," म्हणाले आणि दोन मिनिटांत हलका करून दिला. मी विचारलं, यातलं काढलं काय? चेहरा तर तसाच दिसतो. असं विचारणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं. बाजूचं स्टूल पुढे ओढलं, आणि त्या स्टुलावर मी पुढे चार वर्षं बसले. "कॅमेऱ्यात पयले येते तो रॉ," भाऊ सांगायचे. "तो धान होय, बाई, टरफलासकट. अन् जेपीजी म्हणजे पॉलिश केलेला तांदूळ. हलका, कोणाच्याई घरी शिजते. पण तांदळाचा परत धान होते का?" जेपीजी उघडून, बदलून पुन्हा साठवला की दर वेळी थोडं थोडं आणखी झडतं, हे मी तिथंच शिकले. सहीला पीएनजी, कारण मागचा कागद काढून टाकता येतो आणि रेषेची धार जात नाही. बॅनरवरची अक्षरं रेषांनी आखलेली, ताडाएवढी ओढली तरी फाटत नाहीत. चेहरा मात्र ठिपक्यांचा, आणि ठिपके मोजकेच असतात... म्हणून ते प्रत्येकाचा मूळ फोटो वेगळा ठेवायचे. त्या फोल्डरचं नावच 'हात लावू नको'. कोणी चिडवलं, की अर्धी अहेरी कॉम्प्युटरात कोंडली का भाऊ, तर म्हणायचे, "तुमच्या घरी हरवते, अन् मंग माह्याच दारात येऊन रडता."

सुरुवातीच्याच दिवसांत एकदा त्यांना स्वतःच्याच अर्जाला फोटो लागला. "साऱ्या गावाचे काढतो, माहा काढाले कोणी नाई," म्हणत कॅमेरा माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. "बाई, कॅमेरा होय तो, तान्हं लेकरू नोहे," म्हणून ते हसले, आणि तेवढ्यात माझ्याकडून बटण दाबलं गेलं. त्यावरून पन्नास केबीचा एक फोटो अर्जासाठी केला आणि मूळ रॉ माझ्या पेनड्राइव्हमध्ये टाकून कार्ड रिकामं केलं. "तुम्ही काढला, धान तुमच्याच घरी ठेवा."

घरी येऊन जुन्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला तर फोटो उघडेचना. नावापुढे कधी न पाहिलेली अक्षरं. आठवड्यानं पुन्हा बघितलं, तेच. मला वाटलं, फाइल खराब झाली. नातीच्या बारशाचे व्हिडिओ ठेवायला जागा हवी होती... पुसून टाकलं. धानाची गोष्ट मला पाठ होती, पण धान हातात आल्यावर ओळखता आलं नाही. शिजत नाही म्हणून फेकून दिलं. नंतर शिकता शिकता कधीतरी कळलं, की रॉ उघडायला वेगळा प्रोग्राम लागतो. तोवर उशीर झाला होता, आणि भाऊंना सांगायची मला लाज वाटली.

तेरवीला चौकात फ्लेक्स लागला. कोणीतरी तोच छोटा फोटो ओढून पुरुषभर केलेला. श्रद्धांजलीची अक्षरं स्वच्छ, आणि चेहरा विटाविटांचा. भाऊंची बायको शोभा त्याच्यासमोर उभी राहिली. "हे कोण होय, बाई? याईले डोळेच नाई." घरी आल्यावर तिनं विचारलं, "तुमच्यापाशी मोठा हाय म्हणत होते ते." कॉम्प्युटर तिनं धुंडाळून झाला होता. 'हात लावू नको'मध्ये अर्धी अहेरी होती, भाऊ नव्हते. मी सगळं सांगितलं. ती पदराचं टोक दुमडत राहिली, मग म्हणाली, "त्याईले सांगतलं होतं?"

"नाई."

"सांगाले पाह्यजे होतं. रागावले असते, अन् दुसऱ्या दिवशी परत बसले असते तुमच्यासमोर."

  ते वाक्य काही केल्या माझ्यातून जात नाही...

शेवटी आम्ही तो फोटो ओढला नाही. जेवढ्यात चेहरा फाटत नाही तेवढाच छापला, आगपेटीएवढा, आणि मोठ्या फ्रेममध्ये पांढऱ्या कागदाच्या मधोमध लावला. दुकानात, कॉम्प्युटरच्या वर. शोभा संध्याकाळी शटर उघडून उदबत्ती लावते, कधी मीही जाते. दारातून बघितलं तर नुसता पांढरा कागद दिसतो. स्टूल पुढे ओढावं लागतं. अगदी जवळ गेलं, की भाऊ दिसतात... माझ्या कॅमेरा धरण्याला हसताना.