घाटावरच्या माणसाले उंचीचं काय भेव

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण त्यातला एक फोनवर केला आणि तो आता परत घेता येत नाही. माझा पुतण्या गजानन लडाखहून सांगत होता, "काकू, डोकं फुटून राह्यलं. पोटात अन्न ठरत नाही. चार पावलं चाललो का दम लागते." आणि मी, बाहत्तर वर्षांची शहाणी, हसून म्हणाले, "काऊन बे, आपण घाटावरचे लोक! घाटावरच्या माणसाले उंचीचं काय भेव?"

आमच्या बुलडाण्यात माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी घाटावरचा की घाटाखालचा ते विचारतात. मी मूळची खालची, धामणगाव बढ्याची. नवी नवरी म्हणून देऊळघाटला निघाले तर राजूरच्या घाटात एसटीत कानाला दडे बसले आणि दुसऱ्या वळणावर मी नव्या शालूच्या पदरातच ओकले. पण महिन्याभरानं हीच बया माहेरी बहिणींना ऐकवत होती, "तुमच्या खाली काय हवा हाय? आमच्या वर या!" तेवढ्याशा चढाची ती मिजास मी पन्नास वर्षं जपली... आणि शेवटी नेऊन पुतण्याच्या छातीवर ठेवली.

गजानन पोकलेन चालवायचा. आमच्या शिवारातली निम्मी शेततळी त्याच्या हातची. सकाळी मशीन सुरू करून तो दहा मिनिटं तशीच घुरघुरत ठेवायचा आणि माझ्या ओट्यावर चहा प्यायचा. "थंड्या इंजिनाले लगेच जोर देत नसतात, काकू. आधी त्याले जागं होऊ द्या." मी चिडवायची, "मशीनीले एवढा जीव लावतं, सुनंदाले कधी म्हणलं का, बस दहा मिनिटं?" एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, बायकोचं नाव काढलं की लाजायचा.

रस्त्याच्या ठेकेदारानं त्याला दिल्लीहून विमानानं वर नेलं. घरातला पहिला माणूस विमानात बसला म्हणून आम्ही पेढे वाटले! दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिंडीत मशीनवर होता. त्या फोनवर शेवटी त्यानं विचारलं, "मंग परत येऊ का, काकू?" मी म्हणाले, "ये की. लोकायले सांगू, गजा पहाड पाहून भेला." तो हसला आणि खोकला. त्या खोकल्यात पाण्याची गुळगुळ होती. मी ऐकली. सर्दी समजले. तिसऱ्या दिवशी तो गेल्याचा फोन आला.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. तिथली हवा विरळ, शरीराला तिची सवय व्हायला आधी काही दिवस विश्रांती लागते. नाहीतर कुणाच्या मेंदूला सूज येते, कुणाच्या फुप्फुसात पाणी भरतं, धट्टाकट्टा माणूसही त्यातून सुटत नाही. दम लागला की ऑक्सिजन द्यायचा आणि ताबडतोब खाली आणायचं. एवढंच! आणि ठेकेदाराच्या कागदावर काय, तर 'हृदयविकार'. म्हणजे दोष गजाननच्याच काळजाचा.

त्याची बॅग घेऊन सुलतानपूरचा रफीक आला, तोही तिथंच मशीनवर होता. म्हणाला, "काकी, गाडी मांगली तं मुकादम म्हणे, नए लोगों को होता है, आदत हो जाएगी. मशीन वर आली तवा तिले दोन दिवस उभी ठेवली होती, तेल बदललं, बॅटरी तपासली. आमाले दुसऱ्याच दिवशी कामाले लावलं." भेटायला येणारे म्हणतात, त्याची वेळ आली होती. वेळ आली नव्हती हो, त्याला कोणी वेळ दिला नव्हता! दोन दिवस... लोखंडाला मिळाले, ते माणसाला मिळाले नाहीत.

आता गल्लीत कोणी ट्रॅक्टर सुरू करून लगेच दामटला की मी ओट्यावरून ओरडते, "अबे, दहा मिनिटं थांब!" लोक म्हणतात, म्हातारी चळली. म्हणू देत. चहा अजूनही एक कप जास्त होतो. परवा तो कप निवत होता तेव्हा सुनंदा येऊन बसली, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. तो परत येऊ का विचारत होता, आणि मी थट्टा केली. तिनं तो कप आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "काकू, त्यायनं तुमचं ऐकलं, कारण तिथं त्यायले काही सांगणारं दुसरं कोणीच नव्हतं."