पंखा बंद करणारे कार्डमामा

कार्डमामांच्या घरी गेलं की आधी पंखा बंद व्हायचा. मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी! मामा साबणाने हात धुणार, खडखडीत कोरडे करणार, पलंगावर चादर अंथरणार आणि ओरडणार, "पंखा बंद! कार्डं उडतील." नवघरच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या समोरचंच माझं दार, त्यामुळे हा घाम मी भरपूर गाळलाय.

पूर्वी च्युइंगमच्या पाकिटातून क्रिकेटपटूंची कार्डं निघायची ना, ती मामांनी शाळेपासून जमवलेली. आपण गम खाल्लं आणि कार्डं हरवली. या माणसाने स्टीलच्या कारखान्यात उभा जन्म काढला, पण एका कार्डाचा कोपरा दुमडू दिला नाही. सगळी कार्डं उलटी करून जुळवली की मागच्या तुकड्यांचं एकच मोठं चित्र व्हायचं, षटकार मारणारा फलंदाज. फक्त त्याच्या चेहऱ्याचं कार्ड नव्हतं. विकत घ्यायचं नाही, अदलाबदलीनेच मिळवायचं, हा मामांचा हट्ट. "येईल गं. जाणार कुठे?" म्हणत म्हातारे झाले.

एकदा मामा गावी गेले होते. खाडीच्या दमट हवेने कार्डं पिवळी पडतायत म्हणून मामींनी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन एकूण एक कार्ड लॅमिनेट करून आणलं. अदलाबदलीसाठी ठेवलेली डबलवालीसुद्धा! मामा परतले तेव्हा मी तिथेच होते. लॅमिनेट केलेलं कार्ड कुणी जमवणारा हातात धरत नाही, हे मामांनीच मला सांगितलेलं. म्हणजे आता बदल्यात द्यायला काही उरलंच नव्हतं.

मामी मोठ्या हौसेने बघत होत्या. मामांनी एक कार्ड उचललं, उजेडात धरलं, बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "झकास! आता पंखा लावायला हरकत नाही." आणि स्वतः उठून बटण दाबलं.

पुढच्याच आठवड्यात जवळच्या इंद्रलोक वस्तीतला एक कार्डं जमवणारा दारात हजर. मामांनी त्याला कधीपासून सांगून ठेवलं होतं. "अंकल, आपका वो कार्ड मिल गया. बदले में क्या दोगे?" चेहऱ्याचं कार्ड! मामांची नजर त्याच्या हातावरून हलेना. पण मामी कौतुकाने आपली कार्डं दाखवायला कपाटाकडे वळल्या मात्र, मामांनी चपला घातल्या. "अरे, पहले नीचे चलो, कटिंग पीते हैं." कार्डांची ती अवस्था बघून तो मामींदेखत हळहळला असता, तेवढं मामांना नको होतं.

परत आले ते एकटेच. "दुसरंच निघालं गं," मामींना म्हणाले. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. अहो, जन्मभर वाट पाहिलेलं कार्ड हातभर अंतरावरून जाऊ दिलं, तेही वर चहा पाजून! मी थक्क झाले. अजूनही थक्कच आहे.

आता मामा नाहीत. परवा मामींकडे गेले, तर त्यांनी पलंगावर चित्र मांडलेलं. मधली जागा तशीच रिकामी, डोक्यावर पंखा फुल, आणि एकही कार्ड हलत नव्हतं.

"मी लॅमिनेशन केलं म्हणून टिकली बघ," मामी म्हणाल्या.

"हो मामी," मी म्हटलं, "मामा म्हणालेच होते, झकास."