काहिलीत चालते, नदीत थांबते

पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे कळल्याशिवाय जोतीराम चुडमुंगे यांना चैन पडत नसे. लग्नात जेवून उठले, की हात धुवायच्या नळाला धार बारीक का, म्हणून ते टाकीवर चढून बघायचे आणि वऱ्हाडी खाली खोळंबायचे. शिरोळ तालुक्यातल्या एका पाणीपुरवठा संस्थेच्या पंपावर त्यांची नोकरी होती. कृष्णेचं पाणी उपसायचं आणि उसाला सोडायचं. पंप बिघडला की कारणाचा अंदाज ते आधी मोठ्यानं सांगून टाकत. तो बऱ्याचदा चुके. चुकला की जोतीराम जरा जास्तच खुशीत दिसत, कारण मग नव्यानं शोधायला मिळे.

पुराच्या दिवसांत पंपघराकडं जाता यावं म्हणून संस्थेनं नावेला मागं लावायची एक जुनी मोटर घेतली होती. ती जोतीरामांच्या ताब्यात आली आणि त्यांना नवं खेळणंच मिळालं. ही मोटर आपल्या बुडाशी असलेल्या बारीक फटींतून नदीचंच पाणी ओढून घ्यायची, इंजिनाभोवती फिरवून ते थंड ठेवायची आणि तेच पाणी मागच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर टाकायची. पिचकारी चालू म्हणजे इंजिन थंड. ती थांबली तर लगेच मोटर बंद करायची, नाहीतर इंजिन तापून जाम होणार. जोतीराम नाव चालवताना मधूनच पिचकारीखाली हात धरत. पाणी कोमट लागलं की त्यांचं समाधान होई.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात कृष्णा आली ती गावाच्या वेशीपर्यंत. जोतीरामांची सासू चिमणाबाई मळ्यातल्या घरात अडकली. म्हशी आधीच माळावर नेल्या होत्या, पण म्हातारी कोंबड्यांना आणि ज्वारीच्या पोत्यांना सोडून यायला तयार झाली नव्हती. आता ती स्लॅबवर पोतं पांघरून बसलेली गावातून दिसत होती. पाणी खिडक्यांच्या वर गेलं होतं आणि अजून चढत होतं. मधल्या ओढ्याला एवढी ओढ होती, की वल्ह्यावर नाव नेणं शक्य नव्हतं. सरकारी बोटी मोठ्या गावांत गुंतल्या होत्या. राहिली ही मोटर.

जोतीराम आणि त्यांचा मेहुणा सयाजी निघाले. निम्म्या वाटेत पिचकारी बारीक झाली, मग नुसते थेंब, मग तेही नाहीत. जोतीरामांनी नाव वळवली आणि कशीबशी काठाला लावून मोटर बंद केली. सयाजी खवळला. आई समोर दिसत असताना परत फिरायचं म्हणजे काय? तापली तर तापू दे, तेवढी पोचली असती की, असं त्याचं म्हणणं. जोतीरामांनी त्याला प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या पुलाकडं बोट दाखवलं. मध्येच इंजिन जाम झालं असतं तर ओढीनं नाव थेट त्या खांबांवर नेली असती.

पहिला अंदाज त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्यानं सांगितला: पिचकारीच्या भोकात गाळ बसलाय. तार घातली. आत काही नव्हतं. मोटर वर उचलून बुडाच्या फटी बघितल्या, त्याही स्वच्छ दिसल्या. मोटर सुरू केली तर पिचकारी झकास. पुन्हा निघाले आणि पुन्हा थोड्या अंतरावर ती मेली.

मग काठाला परत येऊन दोघांनी मोटर उचलून जवळच्या गुऱ्हाळाच्या शेडात नेली. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद. उसाचा रस आटवायची मोठी पसरट कढई, म्हणजे काहील, चुलवाणावर रिकामी असायची, पण या वेळी गळक्या पत्र्यावरून पडलेल्या पावसाच्या पाण्यानं ती भरली होती. फळी आडवी टाकून मोटर तिच्यावर आवळली, बूड काहिलीत सोडलं आणि गिअर न टाकता चालू केली. पिचकारी जोरात सुटली ती सुटलीच. थांबायचं नाव नाही.

सयाजी म्हणाला, "दाजी, ह्ये यंत्र तुमच्यासारखंच हाय. घरात शाणं, बाहीर याडं."

जोतीराम हसले नाहीत. त्यांचा दुसरा अंदाज पाणी ओढणाऱ्या रबरी पंख्यावर होता. तो खोलून बघितला. पाती शाबूत होती. सगळं पुन्हा जोडून ते काहिलीच्या काठावर बसले. सयाजी शेडाच्या दारात उभा राहून स्लॅबवरची आई दिसते का बघत होता.

भोकच बंद असतं तर पिचकारी आलीच नसती. पंखा फाटला असता तर इथंही धार मेंगळट पडली असती. इथं चालते, नदीत थांबते आणि बंद करून पुन्हा चालू केली की परत येते. म्हणजे अडतंय ते काहीतरी येतं आणि जातं. मग नदीत असं काय आहे, जे या काहिलीत नाही?

त्यांनी उठून कोपऱ्यातल्या वाळल्या चिपाडाचा मूठभर चुरा आणला. चिपाड म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा. गुऱ्हाळात त्याला तोटा नाही. मोटर पुन्हा चालू केली आणि चुरा हातानं पाण्यात बुडवून सोडला. पाणी स्वच्छ होतं, त्यामुळं सगळं दिसत होतं. चुऱ्याचे कण इकडंतिकडं भिरभिरले आणि मग मुंग्यांसारखी रांग धरून मोटरीच्या बुडाकडं निघाले. एकेक कण फटींच्या तोंडाशी जाऊन चिकटला. बघता बघता तिथं गोधडीसारखा थर झाला आणि पिचकारी बारीक होत होत थांबली.

"सयाजी, हिकडं ये. बंद कर आणि बघ."

सयाजीनं मोटर बंद केली. आतली ओढ थांबताच थर सुटला आणि कण मोकळे होऊन तरंगत निघून गेले. फटींचं तोंड धुतल्यासारखं स्वच्छ. नदीत मोटर वर उचलून बघितली तेव्हाही ते असंच स्वच्छ दिसलं होतं.

"पर फटी तर ह्याच्यापेक्षा मोठ्या हाईत की," सयाजी म्हणाला. "चुरा आत जाऊन भाईर पडाय पायजे."

जोतीरामांनी बुडाशी हात घातला. बोटांना जाळी लागली. मच्छरदाणीची, गाळानं मोटरीच्याच रंगाची झालेली, तांब्याच्या तारेनं दुहेरी आवळलेली, गाठ अगदी पक्की. ती गाठ त्यांचीच होती. नदीत बुडवायच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. त्या सवयीनं उन्हाळ्यात त्यांनी मोटरीलाही जाळी बांधली होती आणि मग विसरून गेले होते. पण पाइपाचं तोंड घागरीएवढं, त्यावर थोडा पाला बसला तरी पाणी वाट काढतं. इथं फटी नखाएवढ्या. उन्हाळ्याच्या नितळ पाण्यात भागलं. पुराच्या गाळात आणि पाचटात त्या जाळीनं मोटरीचं तोंडच दाबून धरलं होतं.

"कुणी बांधली ही?" सयाजीनं विचारलं.

"शाण्यानं," जोतीराम म्हणाले आणि पक्कड मागितली.

जाळी काढून त्यांनी पुन्हा मूठभर चुरा सोडला. कण फटींतून आत गेले आणि पिचकारीतून बाहेर उडाले. खरं तर तेवढ्यावर निघायला हवं होतं, पण जोतीरामांनी आणखी एक मूठ टाकून बघितलीच. सयाजीनं दंडाला धरून ओढलं तेव्हा ते हलले.

या वेळी सयाजी पुढं बसून वाहत येणारी झुडपं वल्ह्यानं बाजूला सारत होता. जोतीरामांचा एक हात मोटरीच्या दांड्यावर आणि डोळे मागं पिचकारीवर. ओढ्याच्या मध्यावर नाव तिरकी झाली, घसरली, पुन्हा सावरली. पिचकारी गढूळ होती, पण तुटली नाही. नाव स्लॅबला लागली.

चिमणाबाईनं आधी कोंबड्यांची पाटी दिली, मग स्वतः उतरली. ज्वारीचं तिनं काही विचारलं नाही; घरात पाणी कुठवर चढलंय ते तिला दिसतच होतं. परत येताना ती बराच वेळ मोटरीकडं बघत होती.

"जावई, ह्यो सारखा मुततोय का?"

"मुतू दे, मामी. त्यो थांबला तर आपलं काय खरं न्हाय."

म्हातारीनं पदर सावरला आणि पिचकारीवर नजर ठेवून बसली. निम्म्या वाटेत तिनं हळूच हात पुढं करून पाण्याखाली धरला.

"गरम हाय की," ती म्हणाली. "कुठनं येतंय ह्ये?"

जोतीरामांचा चेहरा खुलला. काठ येईपर्यंत ते तिला सांगत होते.