डोळे मिटून पाणी सोडणारे मामा

खांद्यावरची लांब लोखंडी चावी मामा आधी भिंतीला टेकवून उभी करत. मग टोपी काढून काखेत धरत, डोळे मिटत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलत. समोर हंड्या-बादल्यांची ढकलाढकल चालू असे, कोणाची तरी कळशी कोणाच्या तरी पायावर पडलेली असे. मामांना त्याचं काही नसे. बोलणं संपलं की टोपी पुन्हा डोक्यावर, खड्ड्यावरचं झाकण बाजूला, आणि चावी व्हॉल्व्हवर बसवताना मोठ्याने दोनच शब्द: "सोड, बापा."

सोलापुरातल्या आमच्या गल्लीला पाणी यायचं ते असं. दुष्काळाचं साल होतं. दिवसाआड, तेही अर्धा तास. मी जवळच्या शाळेत शिकवत होते आणि शाळा भरायच्या आत दोन हंडे भरणं ही दर पाळीला माझीच परीक्षा असायची. रांगेत सगळ्यात पुढे कायम एक तेलुगू म्हातारी असे. तिच्या घरात चार माग होते आणि माणसं किती ते तिलाही आठवावं लागे. सगळे तिला अव्वा म्हणत. मामांनी डोळे मिटले की ती कपाळाला हात लावी. "मामा, देव पळून जातो का? आधी पाणी सोड."

मामा शांतपणे सांगत, "चावी माझ्याकडं हाय, अव्वा. पाणी त्याच्याकडं हाय."

मामा ख्रिस्ती होते, मूळचे सांगोल्याकडचे. जे काही घडतं ते देवाच्या हातून घडतं, आणि तो आपला बाप असल्यामुळे वाईट मनाने काही करत नाही, हा त्यांचा हिशेब. एखाद्या दिवशी नळ नुसताच सूं सूं करी. दुसरा कोणी असता तर चावी उचलून सटकला असता. मामा तिथेच उभे राहत आणि बायकांच्या शिव्या शेवटपर्यंत ऐकून घेत. वर म्हणत, "मी बी त्येच बोललो त्याला." एकदा मी विचारलं, मग उत्तर काय आलं? मामा म्हणाले, "ऐकून घेतलंय."

एखाद्या गोष्टीचं कारण समजलं नाही तर ते "अजून कळलं न्हाय" एवढंच म्हणत. कळणार याबद्दल त्यांना शंका नसे. एका रविवारी चर्चच्या दारातून त्यांच्या झिजलेल्या चपला गेल्या आणि त्यांच्या जागी कोऱ्या चपलांचा जोड उरला. तुम्ही-आम्ही काय केलं असतं ते सांगायला नको. मामा तीन आठवडे अनवाणी फिरले आणि दर रविवारी तो जोड पिशवीतून नेऊन मालकाची वाट पाहत बसले. चौथ्या रविवारी उलगडा झाला. पाळकसाहेबांना कमी दिसायचं. तेच मामांच्या चपला घालून हिंडत होते आणि तळवे का पोळतात म्हणून डॉक्टरांकडेही जाऊन आले होते.

"तरीच," मामा मला आनंदाने म्हणाले. "तीन आयतवार परवचन गरिबांवरच चाललं होतं."

त्याच उन्हाळ्यात मी जरा रागानेच त्यांना विचारलं होतं की एवढा प्रेमळ बाप असेल तर लेकरांना पाण्यासाठी असं रडवतो कशाला? मामा झाकणावर टेकले. लहानपणी त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. वडिलांनी त्यांना खाली पाडलं, मांडीखाली दाबून धरलं आणि सुईने पाय कोरला. "मला वाटलं, बाप मारतोय. लई बोंबललो. पर बाई, त्या टायमाला बाप जेवढा जवळ होता, तेवढा पुन्ना कदी न्हवता."

मी रिकामा हंडा नळाखाली सरकवला. पाणी जायची वेळ झाली होती.

पुढे पावसाळा सुरू होता होता त्यांच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. ही बाई मामांच्या अगदी उलट, दिवसभर बोलणारी. तिच्या बोलण्यात खाडा मिळावा म्हणूनच देवाने आपल्याला ही नोकरी दिली, असं मामाच सांगत. तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तिला मिशनच्या दवाखान्यात ठेवलं. मामांनी एक दिवसही सुट्टी घेतली नाही. पण झटक्यानंतरच्या पहिल्याच पाळीला त्यांनी चावी भिंतीला टेकवलीच नाही. टोपी काढली नाही, डोळे मिटले नाहीत. सरळ झाकण उघडलं आणि चावी फिरवली.

पाणी नेहमीसारखं आलं. तरी बायका हंडे भरता भरता एकमेकींकडे बघत होत्या. पुढच्या पाळीला तेच, त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच. धार बारीक झाली आहे, असं एकीचं म्हणणं पडलं. ती झाली नव्हती.

मला राहवलं नाही. मी त्यांना गाठून त्या काट्याची आठवण करून दिली. आज त्याची मला लाज वाटते. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "ते सांगितलं, तवा माझ्या पायात काटा न्हवता, बाई."

चौथ्या पाळीला अव्वाने आपला हंडा व्हॉल्व्हच्या झाकणावर पालथा घातला आणि त्यावर बसली.

"डोळे मिट. मग पाणी."

मामा म्हणाले, "अव्वा, ऊठ. येळ जातीया."

"जाऊ दे."

"आमचं बोलणं न्हाय सध्या. भांडण चाललंय."

"भांड की," अव्वा म्हणाली. "डोळे मिटून भांड."

कोणी हसलं नाही. मामांनी चावी भिंतीला टेकवली. मग त्यांनी टोपी काढली. त्या दिवशी नुसते ओठ हलत नव्हते, मधूनच एक बोट वर उगारलं जात होतं. अर्ध्या तासातली दहा मिनिटं तरी अशी गेली असतील. त्या सालात कोणी पाण्याचं एक मिनिट सोडत नव्हतं, पण रांगेतून एक भांडं वाजलं नाही. शेवटी मामांनी टोपीनेच तोंड पुसलं, अव्वाला हात देऊन उठवलं आणि चावी फिरवली. माझा त्या दिवशी एकच हंडा भरला.

दुपारी शाळेतून येताना ते भेटले. मी बिचकत विचारलं, मिटलं का भांडण?

"न्हाय मिटलं," ते म्हणाले. "मी लई वाकडं बोललो. त्यानं सगळं ऐकलं. उठून गेला न्हाय."

बायको घरी आली. पाय ओढत चालू लागली, पण बोलणं काही परत आलं नाही. मामा तिच्या वाटचंही बोलू लागले आणि तिला काय म्हणायचं आहे ते चुकीचं सांगून तिच्या डाव्या हाताचे फटके खाऊ लागले. डोळे मिटणं पुन्हा सुरू झालं. ते पूर्वीपेक्षा लांबलं, आणि अव्वाची कुरकुरही तेवढीच वाढली.

दोनेक वर्षांनी मामा निवृत्त झाले आणि गावी निघाले. त्या सकाळी मी स्टँडच्या रस्त्याने चालले होते. समोरून मामा सायकलवर आले. हँडलला गाठोडं, मागे कॅरिअरवर बायको. तिला उजव्या हाताने धरता येत नसे, म्हणून दोघांच्या कमरेला मिळून एकच सुती दोर बांधलेला. मामा मला न बघताच पुढे गेले. तेवढ्यात बायकोने त्यांच्या पाठीत एक जोराची थाप मारली. त्यांनी भर रस्त्यात सायकल थांबवली. मागचा टांगेवाला काहीबाही बोलला. मामांनी घाबरून मान वळवली, तर तिने डावा हात माझ्याकडे केला.

"मला न्हाय दिसला तुमी," मामा ओशाळून म्हणाले. "हिला दिसला. सलाम, बाई."

मीही हात जोडले. मामा तसेच हसत उभे राहिले, आणि मागे टांग्याला टांगा लागत गेला. शेवटी तिनेच त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या. मामांनी पायडल मारलं आणि सायकल जरा डुलून सरळ झाली.