कोतवालाच्या वहीतली लेक

लटारू निकुरेनं एकदा मरणाला चकवलं होतं, आणि त्याची त्याला भारी मिजास होती. त्याची तीन लेकरं बारशाआधीच गेली. चौथ्या खेपेला मुलगी झाली, तेव्हा जुन्या बायांनी सांगितलं ते त्यानं केलं. पोरीला सुपात घातलं, मागच्या दारानं शेजारच्या गुणवंतराव-सुगंधाबाईच्या घरात नेऊन ठेवलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "हे लेकरू आमचं नाई, गुणवंतरावाचं हाय!" मरण पत्ता विचारत आलंच तर त्याला चुकीचं घर सापडावं, एवढाच बेत. एवढं तर गावात सगळेच करत. पण लटारूचं डोकं जरा जास्तच चालायचं. गावाच्या जन्ममरणाची वही दसरू कोतवालाकडे असायची. त्याला गाठून लटारूनं वहीतही तसंच लिहवून घेतलं: गुणवंतराव भांडेकर यांस मुलगी. न जाणो, मरणाला वाचता येत असलं तर?

पोर जगली. मनकर्णा नाव ठेवलं.

सुगंधाबाईला स्वतःचं लेकरू नव्हतं. तिला कोणी विचारलंही नव्हतं; सूप आलं, तिनं घेतलं. कलाबाई, पोरीची खरी आई, कुंपण ओलांडून दूध पाजायला यायची आणि जाताना म्हणायची, "तुह्या लेकीले झोपवलं बरं, बाई." दोघी हसायच्या. पाचव्या वर्षी लुगडं-चोळी देऊन पोर परत न्यायची असा रिवाज होता. पण पोर तीन वर्षांची असताना कलाबाई पुढच्या बाळंतपणात गेली. लटारू बल्लारशाच्या आरागिरणीत करवतींना धार लावायचा. वर्षभरानं एका लाकूडवाल्या शेठनं त्याला आफ्रिकेत, टांगानिकाला नेलं. "दोन सालांत येतो, वहिनी," म्हणून गेला तो गेला. दोनाची सात झाली. मध्ये गुणवंतराव तापानं वारला. उरल्या दोघी.

नवरा गेला तेव्हा सुगंधाबाई चुलीशी, गाईशी, सांडलेल्या पाण्याशी बोलायला लागली होती. गाव म्हणालं, बाई खुळावली. खुळी कसली? घरात बोलायला मोठं माणूस नव्हतं, एवढंच. मनकर्णा सहा-सात वर्षांची होऊन उलट उत्तरं द्यायला लागली, तशी गाईची सुटका झाली.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात लटारू आला. बूट घालून आला, आणि पोरीसाठी फ्रॉक घेऊन आला. फ्रॉक चार वर्षांच्या लेकराचा. अकरा वर्षांची मनकर्णा तो हातात धरून उभी राहिली, धड हसेना, धड रडेना. सुगंधाबाई मात्र खदखदून हसली. मग तिनं लटारूकडे पाहिलं. तो त्या फ्रॉककडे असा पाहत होता की तिचं हसू तिथंच विरलं. ह्या माणसानं सात वर्षं परमुलखात एक चार वर्षांची पोर मनात धरून काढली होती. तोही घरी गेल्यावर कशाशी बोलत असेल, कोणास ठाऊक.

"वहिनी, तिथी मले कायमचं राहाले भेटलं," तो म्हणाला. "सरकार म्हणते, लेकराले आणू शकतोस. सयंपाकाले बाई हाय, दहावीवरी शाळा हाय. इथी चौथीच्या पुढं काय हाय?"

काहीच नव्हतं. चौथी पास होऊन मनकर्णा वर्षभर मोहफुलं वेचत होती. हे सुगंधाबाईला कोणी सांगायची गरज नव्हती.

पण चांद्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसानं कोतवालाच्या वहीची नक्कल वाचली आणि लटारूकडे चष्म्यावरून पाहिलं. "ही तर तुमची मुलगीच नाही." मरणाला चकवणारा लटारू कागदापुढे सापडला. उपाय एकच निघाला: चांद्याच्या कचेरीत साहेबापुढे सुगंधाबाईनं शपथेवर सांगायचं की ही मुलगी माझी नाही. बोट पंधरा दिवसांवर आलेली.

लटारूनं गावी येऊन हे सांगितलं, तेव्हा सुगंधाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. पाखडतच राहिली. मग सुपातला कोंडा उडवून म्हणाली, "मी देल्ली, असं लिवा ना. माही नाई, असं काऊन लिवता?"

"देल्लेली चालत नाई, वहिनी. पोटचीच पायजे."

म्हणजे तिनं तोंड मिटून बसायचं, की पोर जन्मभर तिची. सरकारची वही तिच्या बाजूनं होती. दोन दिवस ती कोणाशीच बोलली नाही, गाईशीसुद्धा नाही. त्या दोन दिवसांत तिला लटारूचा राग आला, मेलेल्या कलाबाईचा आला, आणि पोर पाहिजे म्हणून आपल्या मनात काय काय येतं याची लाज वाटली. पोर मात्र शेजारणींना विचारत फिरत होती, "बोटीत झोपाले जागा असते का वं?" तिसऱ्या दिवशी सुगंधाबाईनं धुवट लुगडं काढलं.

राजोली स्टेशनावर चांद्याच्या छोट्या आगगाडीत बसल्यावर तिनं पोरीला समोर घेतलं.

"साहेब पुसल, तुही माय कोन?"

"तू."

"चूक. कलाबाई लटारू निकुरे. कुठी हाय ते?"

"देवाघरी."

"वारली म्हन. आता सांग, तुही माय कोन?"

"तू... नाई, कलाबाई."

"थांबू नोको मधात. साहेब थांबलेलं ओळखते."

केळझरचं जंगल आलं आणि गेलं. गाडी रडतखडत चालली होती, आणि सुगंधाबाई पोरीच्या तोंडातून आपलं नाव काढत होती. लटारू खिडकीबाहेर पाहत बसला. दर वेळी पोर चुकली की सुगंधाबाईला गोड वाटायचं, आणि दर वेळी ती पुन्हा विचारायची. चांदा येईपर्यंत पोर चुकायची थांबली.

साहेब म्हातारा, मायाळू होता. त्यानं मनकर्णाला जवळ बोलावलं.

"आईचं नाव काय, बाळ?"

"कलाबाई लटारू निकुरे."

"कुठे आहे ती?"

"वारली."

एकदाही अडखळली नाही. शाळेत पाढे म्हणावे तसं म्हणाली. साहेबानं मान डोलवली. मग कारकुनानं सुगंधाबाईकडे पाहिलं. "आणि बाई, तुमचं या मुलीशी नातं काय?"

सारी वाट तिनं पोरीला पढवलं होतं. स्वतःला काही पढवायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण साहेब थांबलेलं ओळखतो.

"शेजारीन," ती म्हणाली.

कारकुनानं लिहिलं, वाचून दाखवलं: सदर मुलगी माझी नसून तिच्यावर माझा कोणताही हक्क नाही. "बरोबर?"

"बरोबर."

तिनं अंगठा दिला.

बाहेर झाडाखाली लटारूनं तिच्या पायांना हात लावला. तिनं पाय मागे घेतले. मनकर्णा धावत आली आणि तिच्या कमरेला मिठी मारून, वर पाहून, हळूच म्हणाली, "माय, मी एकबी चुकली नाई ना वं?"

"नाई, बाई," सुगंधाबाई म्हणाली. "एकबी नाई."